आकड्याचे आईबाप

काटेवाले अंकल कुणाच्याही हातावर विश्वास ठेवत नसत. स्वतःच्यासुद्धा. तीस वर्षं त्यांनी विमानतळाच्या हँगरमध्ये फिटरचं काम केलं होतं, मनगटं ताडाच्या खोडासारखी होती, आणि तरीही साधा चाकाचा नट आवळायचा झाला तरी ते आधी भिंतीवरचा तो लांब पाना काढत. त्या पान्याच्या मुठीजवळ एक पट्टी होती, पट्टीवर आकडे, आणि आकड्यांवरून सरकणारा एक बारीक काटा. किती जोर लागला ते तो काटा सांगायचा. त्या काट्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. चर्चच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव पास्कोल होतं, पण उत्तनमध्ये पास्कोलचं घर विचारलंत तर लोक म्हणायचे, "कंचा पास्कोल? काटेवाला का?"

"हात खोटा बोलते, बाय," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "सकालचा हात येगला, जेवून उठल्यावरचा येगला. भांडून आलास तर त्याच्याहून येगला. काट्याला बायको न्हाय, भूक न्हाय."

पण त्या काट्यावरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. दर सोमवारी सकाळी ते पाना आडवा धरून शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट बसवायचे आणि त्याच्या टोकाला त्यांच्या बायकोच्या, सिसिल आंटींच्या, मासळीच्या तराजूचं दहा किलोचं वजन टांगायचे. आंटी ओट्यावरून ओरडायच्या की गिऱ्हाईक उभं आहे, वजन आणा. अंकल शांतपणे काटा बघायचे, तो ठरल्या जागी आला की मान हलवायचे आणि मग वजन नेऊन द्यायचे. तोवर गिऱ्हाइकाने थांबायचं. बहुतेक गिऱ्हाइकांना त्याची सवय झालेली होती.

मी त्यांच्याकडे पोचले ती बाबांच्या गाडीमुळे. बाबा ड्राफ्ट्समन होते. माझ्या जन्माच्या आधी त्यांनी एका पारशी गृहस्थाकडून एक छोटी राखाडी विलायती गाडी घेतली होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण बाबांनी गाडी सोडली नाही. आम्ही दादरहून मीरा रोडला आलो तेव्हा सामान टेम्पोतून आलं आणि आई-बाबा त्या गाडीतून. आई गेल्यावर मात्र बाबांनी गाडीवर कव्हर घातलं ते अकरा वर्षं काढलं नाही. मग सोसायटीची नोटीस लागली की पार्किंगमध्ये चालू स्थितीतल्याच गाड्या राहतील. बाबांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि हायवेजवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं.

त्याने महिनाभरात गाडी चालू करून दिली. इंजिन छान बोलत होतं. बाबांना शेजारी बसवून मी घोडबंदर रोडने चेण्याकडे निघाले. उतारावर पुढे बस थांबली म्हणून ब्रेक दाबला, तर खाडकन आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. मी हँडब्रेक खेचला. बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. बाबांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. ते काढायला त्यांना वेळ लागला. मग ते म्हणाले, "माधवी, विकून टाक. भंगारात दे. माझ्या हौसेपायी तू मेली असतीस."

त्यांचा आवाज असा मी आईच्या वेळी एकदाच ऐकला होता. गाडी विकायला माझी हरकत नव्हती, पण बाबांनी ती अशी घाबरून सोडावी हे मला सहन होईना. आमच्या ऑफिसात उत्तनची एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात एक अंकल हायत. पन ते घाई करत न्हाईत."

गाडी ओढून उत्तनला नेली. अंकलच्या घरामागे पत्र्याची शेड होती. एका बाजूला बोंबील वाळत असायचे आणि दुसऱ्या बाजूला आतली फरशी हॉस्पिटलसारखी स्वच्छ. अंकलनी चाक काढलं आणि उकिडवे बसून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. पुढच्या चाकात एक लोखंडी तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की एक कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतो. तो कॅलिपर दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्यातला एक तुटून पडला होता. अंकलनी दुसरा काढला, भिंग आणलं आणि मला बोल्टच्या डोक्यावर काय दिसतं ते विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले.

"बरोबर. काय न्हाय." मग त्यांनी दुसऱ्या चाकाचा एक जुना बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या डोक्यावर इंग्रजी एस अक्षर कोरलेलं होतं. "हा कंपनीचा. हा अक्षर म्हणजे त्याची ताकत. आनि हा बिनअक्षराचा दुकानातून आनला, गेट-ग्रिलचा. त्याला अंगातला जोर काडून आवळला. आवळताना तो आतून लांब झाला, रबरासारखा. तवाच मेला होता तो. तू फकस्त त्याला चेण्याला नेऊन पाडलास."

गॅरेजवाल्याला मी फोनवर फैलावर घेतलं हे ऐकून अंकलना बरं वाटलं नाही. "त्यानं मुद्दाम न्हाय केला. त्यानं अंदाज केला. अंदाज चटनीत चालते, बिरेकमदी न्हाय."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी नुसती सफाई केली. प्रत्येक भाग स्पिरिटने धुऊन वर्तमानपत्रावर ठेवायचा, बाजूला पेन्सिलीने क्रमांक लिहायचा, वर तारेची जाळी पालथी घालायची, मांजरांसाठी. उत्तनच्या मांजरांना ब्रेकच्या भागांत काय रस असणार, पण अंकल कुठलाच धोका पत्करत नसत. मला वाटलं आता जोडणी सुरू होईल. तेव्हा ते म्हणाले, "आता आकडा आन."

कॅलिपरचा बोल्ट नेमक्या किती जोराने आवळायचा, तो आकडा. कंपनीने तो कधीतरी ठरवलेला असणार. सैल राहिला तर बोल्ट सुटणार, जास्त झाला तर तुटणार. मी म्हणाले, त्यात काय, इंटरनेटवर मिळेल. त्या संध्याकाळी शोधलं तर मिळालाही. एक नाही, तीन मिळाले. जुन्या गाड्यांच्या मंडळींच्या गप्पांच्या पानावर एकाने पस्तीस पौंड-फूट लिहिलं होतं, दुसऱ्याने पन्नास, तिसऱ्याने पासष्ट, आणि तिघांचीही आपापल्या आकड्यावर भलतीच श्रद्धा होती. रविवारी मी तिन्ही कागदावर लिहून नेले.

अंकलनी चष्मा लावून कागद वाचला. "हा पस्तीस कोन बोलला?"

"कुणीतरी आहे तिकडचा."

"त्यानं खुटं वाचला?"

"ते लिहिलेलं नाही."

"आनि पासष्ट?"

"तो म्हणतो, त्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं."

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "आकड्याला आईबाप लागतात, बाय. हे तिघं अनाथ हायत. जा, आईबाप शोधून आन."

मी वैतागले. मधला पन्नास धरा आणि करून टाका, असं मी म्हणून गेले. सिसिल आंटी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सांग तिला इनासचा."

इनास अंकलचा धाकटा भाऊ. दोघांच्याही लग्नाआधीची गोष्ट. इनासचा टेम्पो होता, त्यातून तो मासळी बाजारात न्यायचा. एका सणाच्या आदल्या दिवशी त्याचा ब्रेक अंकलनी घरीच उघडला. पाना हँगरमध्ये होता. उद्या आणतो म्हणाले असते तर इनासचा सणाचा माल राहिला असता. तेव्हा त्यांनी हातानेच आवळलं. "मी तवा दहा वर्सं विमानाचा काम केलेला मानूस. माज्या हाताला सगला कलते असा मना वाटलेला." डोंगरीच्या उतारावर टेम्पो थांबला नाही, भिंतीवर गेला. इनासचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

"तो मंग वीस वर्सं जगला. लगीन केला, पोरं झाली. ह्याच शेडमदी येऊन बसायचा. पन मना एक शबूद कंदी बोलला न्हाय. मी वाट बघायचा, आज बोलंल, उंद्या बोलंल." अंकलनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "गाडी सुरू झाली न्हाय तर मानूस घरी बसते. थांबली न्हाय तर खुटं जाते?"

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. इतके दिवस ते गाडीचा विषय काढू देत नव्हते. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय. ड्रॉइंगवर माप लिहिलेलं नसेल तर ते मोजून काढायचं नसतं. ज्याने ड्रॉइंग केलं त्याला विचारायचं असतं." मग थोड्या वेळाने, "त्यांच्याकडे मला एकदा ने."

मग आम्ही तिघं कामाला लागलो. अंकल सांगायचे काय विचारायचं, बाबा त्याचं नीटस इंग्रजी करायचे, आणि मी ते विलायतेतल्या त्या गाडीच्या हौशी मंडळाला पाठवायचे. गाडीचा चॅसिस नंबर, कॅलिपरवर ओतलेलं अक्षर, बोल्टची जाडी, आटे बारीक की जाड, सगळं. अंकलचा आग्रह होता की आट्यांना तेल लावून आवळायचा आकडा आहे की कोरड्या आट्यांचा, हेही विचार. तेल लागलं की तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. एवढं बारीक कुणी उत्तर देणार नाही असं मला वाटत होतं. बाबा मात्र रोज सकाळी चहाआधी विचारायला लागले, "पत्र आलं का?" ईमेलला ते पत्रच म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात आलं. मंडळाची जुनी कागदपत्रं सांभाळणारे कुणी म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत तेल की कोरडं हे विचारणारे तुम्हीच पहिले. सोबत कंपनीच्या मूळ वर्कशॉप पुस्तकातल्या पानाचा फोटो. कोरडे आटे, असं पानाच्या डोक्यावरच छापलेलं होतं. मी फोटो मोठा केला, कॅलिपर बोल्टची ओळ शोधली आणि नेमका तिथे वंगणाच्या बोटाचा काळा ठसा. पुढचा आकडा पूर्ण झाकलेला, मागे फक्त शून्य दिसत होतं. तीस, पन्नास, साठ, काहीही असू शकलं असतं. कधीकाळी कुणा मेकॅनिकने आपल्यासारखंच त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं असणार.

त्याच संध्याकाळी आम्ही प्रिंट घेऊन उत्तनला गेलो. अंकलनी भिंग लावलं, कागद उन्हाकडे धरला, उलटा करून बघितला. "न्हाय दिसत," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्यांना इतकं थकलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबांनी कागद मागून घेतला. सवयीने त्यांनी तो टेबलावर सरळ लावला, पट्टी मागितली आणि त्या ओळीखाली धरली. पट्टीच्या उजव्या टोकाला, पानाच्या कडेशी, आणखी एक रकाना होता. आम्ही सगळे डाव्या रकान्यावरच अडकलो होतो. "हे किलोग्रॅम-मीटरमध्ये आहे," बाबा म्हणाले. "तेच माप, दुसऱ्या भाषेत. सहा पॉइंट नऊ. स्वच्छ दिसतंय. एका किलोग्रॅम-मीटरचे पौंड-फूट किती, पास्कोल?"

"सात पॉइंट तेवीस," अंकल बसल्या जागेवरून म्हणाले.

बाबांनी कडेला गुणाकार मांडला. आकडे एकाखाली एक ओळीत येत होते. एकोणपन्नास पॉइंट आठ आठ सात. त्यांनी पेन्सिल ठेवली. "साठ असते तर आठच्या वर गेलं असतं. तीस असते तर चार. झाकलेला आकडा पाच आहे. पन्नास."

अंकल उठले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मी म्हणाले, "म्हणजे इंटरनेटवरचा तो मधला बरोबर होता."

"बरोबर होता," अंकल म्हणाले. "पन तवा तो पन्नास न्हवता, बाय. तवा तो तिघांतला एक होता."

त्याच गृहस्थांनी एस अक्षराचे चार बोल्ट पाकिटातून पाठवले. ते आले त्या शनिवारी अंकलनी मला जुन्या चादरीवर गुडघे टेकून बसवलं आणि पाना माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुम्ही करा. "गाडी तू चालवनार. ओढ. झटका न्हाय, ओढ." पहिल्या फेरीत तीस, दुसऱ्या फेरीत पन्नास. काटा पंचेचाळीसवर आला तेव्हा माझे दंड भरून आले होते आणि कानाशी अंकलचा आवाज, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, बस. त्यांनी बोल्टवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला, अर्धा बोल्टवर, अर्धा कॅलिपरवर. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसतो. चार बोल्ट, चार ठिपके. बाबा स्टुलावर बसून एकेक आकडा मोठ्याने म्हणत होते.

चाचणी चेण्याच्या उतारावरच घ्यायची, असं अंकलनी ठरवलं. ते माझ्या शेजारी बसले, बाबा मागे. पहिल्या दोन वेळा रस्ता मोकळा असताना थांबून बघितलं. तिसऱ्या वेळी उतारावर एक पाण्याचा टँकर कुठलाही इशारा न देता आडवा आला. मी पाय दाबला. विचार करायला वेळच नव्हता. गाडी नाकासमोर सरळ थांबली, इकडे नाही की तिकडे नाही, आणि टँकरपासून चांगलं दोन गाड्यांचं अंतर राहिलं. अंकल दार उघडून उतरले, मागून हॉर्न वाजत असताना रस्त्यात वाकून चाकामागचे ठिपके बघून आले आणि सीटवर बसून म्हणाले, "चल."

मागून बाबा म्हणाले, "माधवी, विकायची नाही हं."

आरटीओच्या तपासणीत गाडी पहिल्या खेपेला पास झाली. इन्स्पेक्टरने ब्रेक दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा त्याला खरं वाटलं नाही. सोसायटीत शिरताना बाबा पुढे बसले होते, शर्ट इस्त्रीचा. ज्या सेक्रेटरींनी नोटीस लावली होती त्यांनीच नातवंडांना गाडीपुढे उभं करून फोटो काढून घेतले. बाबांनी त्यांना दार उघडून आतही बसू दिलं.

त्यानंतर अंकलकडे माणसं यायला लागली. वसईहून, ठाण्याहून, एकदा तर नाशिकहून एकजण आला. गाडी घेण्याआधी अंकल प्रत्येकाला आकडा आणायला धाडायचे. खात्रीचा आकडा मिळाला की शेडच्या भिंतीवर रंगाने लिहायचे, गाडी, बोल्ट, आकडा, आणि पुढे तो कुठल्या पुस्तकातून, कुणाकडून आला ते. पहिल्या ओळीत विलायतेतल्या त्या गृहस्थांचं नाव आणि त्याखाली बाबांचं. बाबा दर रविवारी रिक्षा करून उत्तनला जायला लागले. भिंतीवरची अक्षरं पुढे पुढे फारच सुबक होत गेली, ती बाबांची होती. मलाही खोड लागली. ऑफिसात कुणी टिपणात एखादी संख्या लिहून आणली की मी विचारते, ही कुठून आली? मुलं माझ्या टेबलाशी यायच्या आधी फाइल पुन्हा उघडून बघतात. माझ्यामागे ती मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी अंकल आणि आंटी मुलीकडे न्यूझीलंडला गेले, कायमचे. आंटींचे गुडघे गेले होते आणि मुलगी तिकडे एकटीच काळजी करत होती. शेड भाच्याने घेतली. विमान संध्याकाळचं होतं. त्यांना विमानतळावर आम्हीच सोडणार, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन बॅगा डिकीत बसल्या, दोन टपावर बांधल्या. बाबा पुढे, अंकल-आंटी मागे. दुपारी निघालो. उत्तन सुटेपर्यंत अंकल खिडकीतून कुणाकुणाला हात करत होते. मग गप्प झाले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील, म्हणून मी आरशात बघायचं टाळलं.

दहिसरच्या पुढे गर्दी लागली. दर दहा पावलांवर थांबा आणि निघा. तेवढ्यात आंटींनी मागून माझ्या खांद्याला हात लावला. "बाय, आरशात बघ," त्या कुजबुजल्या.

अंकलचं डोकं काचेला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. गाढ झोपले होते.

"इनासचा पाय गेला तवापासून हा दुसऱ्याच्या गाडीत डोला मिटत न्हाय," आंटी म्हणाल्या. "बसमदी पन न्हाय. लग्नाच्या वरातीत पन न्हाय. चालीस वर्सं झाली."

बाबांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसले. गाडी हळूहळू पुढे सरकत राहिली. विमानतळाच्या दारात मी ब्रेक इतका अलगद दाबला की ते उठलेच नाहीत. बॅगा उतरवायच्या होत्या, वेळही होत आला होता. मागच्या गाडीने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा.

"वाजवू दे त्याला," बाबा म्हणाले. "पाच मिनिटं थांब."